संधिवात असेल तर हृदयाकडे आणि मेंदूकडे लक्ष कसं ठेवायचं?

मावशीच्या आमवाताला अकरा वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. बोटं सुजलेली, सकाळी दोन-दोन तास मूठ वळत नव्हती, रक्तातला दाह दाखवणारा सीआरपीचा आकडा चढलेला. त्याच आठवड्यात तिची कोलेस्टेरॉलची तपासणी झाली आणि आकडा इतका चांगला आला की घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. निदान हृदयाची तरी काळजी नाही, असं आम्ही धरून चाललो. तो आकडा फसवा होता हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आठ महिन्यांनी तिला हृदयविकाराचा झटका आला.

संधिवाततज्ज्ञांना वाटत होतं, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल नेहमीचे डॉक्टर बघत असतील. नेहमीच्या डॉक्टरांना वाटत होतं, एवढे मोठे तज्ज्ञ उपचार करतायत म्हणजे तेच सगळं बघत असतील. दोघंही आपापल्या कामात चोख होते, पण मधल्या जागेत कुणीच उभं नव्हतं. ती मधली जागा रुग्णाने आणि घरच्यांनी कशी भरून काढायची, ते टप्प्याटप्प्याने इथे लिहितो आहे. औषधांचे निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचे, पण योग्य प्रश्न योग्य वेळी विचारणं आपल्या हातात असतं.

आधी आपला संधिवात कोणता, ते नक्की करा

'संधिवात' या एका शब्दाखाली शंभरावर आजार येतात. वयोमानाने गुडघा झिजतो तो झिजेचा संधिवात. त्यात हृदयाला धोका पोहोचतो तो मुख्यतः वाढलेलं वजन, थांबलेली हालचाल आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांच्या वाटेने. दाहक संधिवाताचं तसं नाही. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, प्रतिकारशक्ती शरीरातल्या अनेक अवयवांवर उलटते तो ल्युपस, सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, पाठीचा कणा आखडवणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, युरिक ॲसिड साचून होणारा गाउट आणि रक्तवाहिन्यांचाच दाह होणारे आजार, या सगळ्यांत आजार स्वतःच हृदयापर्यंत आणि मेंदूपर्यंत जातो.

नावाचा आणखी एक घोटाळा इथेच सोडवू. ऱ्हुमॅटिक ताप, ज्याला काही जण 'संधिवाताचा ताप' म्हणतात, तो आमवात नव्हे. स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, बहुधा ५ ते १५ वर्षांच्या मुलांना तो येतो. सांधे एकामागून एक सुजतात आणि बरेही होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. हा ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो, असं वैद्यकशास्त्रातलं जुनं वचन आहे. पुढे डावीकडची मायट्रल झडप अरुंद झाली, हृदयाचे ठोके अनियमित झाले, की आत गुठळी तयार होते आणि ती मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. अशा मुलांना तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. मूल खेळतं-बागडतं दिसलं म्हणून ते मध्येच बंद करू नये. लहानपणी असा ताप येऊन गेला असेल आणि आता दम लागत असेल, तर इकोकार्डिओग्राम, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या.

सांध्यांचा आजार हृदयापर्यंत जातो कसा

आमवातात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ असे दाह पेटवणारे रेणू रक्तात सुटतात. रक्त शरीरभर फिरतं, त्यामुळे हे रेणू गुडघ्यापुरते राहत नाहीत. रोहिण्यांचं आतलं नाजूक अस्तर त्यांनी बिघडतं, तिथे चरबीचे थर लवकर साचतात आणि साचलेले थर फुटण्याची शक्यता वाढते. थर फुटला की त्यावर गुठळी धरते. ती हृदयाच्या रोहिणीत धरली तर हृदयविकाराचा झटका, मेंदूच्या रोहिणीत धरली तर पक्षाघात.

आमवातात हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका सर्वसाधारण माणसाच्या सुमारे दीडपट असतो. ल्युपसमध्ये तो तरुण वयातच दिसतो. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ल्युपस असलेल्या ३५ ते ४४ वर्षांच्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या सुमारे ५० पट आढळलं. हा आकडा वाचून घाबरून जाऊ नका. त्या वयात स्त्रियांना झटका येणं मुळातच फार विरळ असतं, त्यामुळे ५० पट झाला तरी बहुतेकींना तो येत नाही. पण पस्तिशीतल्या बाईच्या छातीत दुखलं तर 'या वयात काय हृदयविकार!' म्हणून तिला परत पाठवता येत नाही, एवढं या आकड्यावरून नक्की ठरतं.

दाहाचा वाटा किती खरा आहे, हे २०१७ च्या कँटोस चाचणीने दाखवलं. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि रक्तात दाह वाढलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर ती झाली. कॅनाकिनुमॅब या दाहरोधक औषधाने कोलेस्टेरॉल जराही कमी न होता झटके आणि पक्षाघात सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. त्या औषधाने जीवघेणे संसर्गही वाढले, म्हणून ते हृदयासाठी सरसकट वापरलं जात नाही.

टप्पा १ : एका कागदावर सगळं लिहा

पुढचं सगळं या कागदावर उभं आहे, म्हणून आजच करा. आजाराचं नेमकं नाव आणि तो कधीपासून आहे ते लिहा. सगळी औषधं डोससह लिहा, दुकानातून स्वतःहून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही. शेवटचे सीआरपी, ईएसआर (हाही दाहच दाखवतो), रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तारखेसकट मांडा. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला लवकर, म्हणजे पुरुषाला ५५ च्या आत आणि स्त्रीला ६५ च्या आत, हृदयविकार झाला असेल तर तेही लिहा. तंबाखूचं खरं उत्तर लिहा. गर्भपात वारंवार झाले असतील, गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल, पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली असेल, तर ते विसरू नका. सांध्यांच्या डॉक्टरांना या गोष्टी सांगायच्या असतात हे अनेकींना ठाऊकच नसतं.

मग पुढच्या भेटीत हा कागद समोर ठेवून सरळ विचारा : "डॉक्टर, माझ्या हृदयाच्या धोक्याकडे लक्ष कोण ठेवणार, तुम्ही की दुसरं कुणी?" उत्तरात जे नाव येईल ते कागदावर लिहा. मावशीच्या बाबतीत हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर, असं मला आजही वाटतं.

टप्पा २ : रक्तदाब घरी मोजा, पहिल्यांदा दोन्ही हातांवर

पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजलेले आकडे दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा कितीतरी खरे असतात. घरची सरासरी १३५/८५ च्या वर जात असेल तर डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड, लेफ्लुनोमाइड, सायक्लोस्पोरिन आणि बहुतेक वेदनाशामक गोळ्या रक्तदाब चढवतात. म्हणून यातलं एखादं औषध नव्याने सुरू झालं की पुन्हा आठवडाभर मोजा.

दोन हातांच्या वरच्या आकड्यांत वारंवार १५-२० चा फरक येत असेल तर तो नोंदवून दाखवा. तरुण स्त्रीच्या एका हाताची नाडी क्षीण लागत असेल, काम करताना तो हात लवकर भरून येत असेल, तर मोठ्या रोहिण्यांचा दाह, म्हणजे ताकायासूचा आजार, असू शकतो. १९०८ साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने त्याची डोळ्यातली लक्षणं नोंदवली, म्हणून हे नाव.

टप्पा ३ : कोलेस्टेरॉल आजार शांत असताना तपासा

मावशीचा आकडा फसवा का होता, ते आता सांगतो. आमवात उसळलेला असतो तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल, म्हणजे त्यातलं वाईट कोलेस्टेरॉल, दोन्ही खाली जातात. धोका मात्र त्याच वेळी जास्त असतो. उपचाराने दाह उतरला की कोलेस्टेरॉल पुन्हा वर येतं आणि लोक घाबरून म्हणतात, नव्या औषधाने कोलेस्टेरॉल वाढवलं. प्रत्यक्षात ते आपल्या मूळ पातळीवर आलेलं असतं. म्हणून ही तपासणी आजार स्थिर असताना करायची. उसळीच्या काळात झालीच असेल तर अहवालावर 'सांधे सुजलेले असताना' असं लिहून ठेवा आणि आजार शांत झाल्यावर पुन्हा करा.

मग डॉक्टरांकडून पुढच्या दहा वर्षांचा धोका काढून घ्या. इथे एक खाचखळगा आहे. धोका मोजण्याच्या बहुतेक गणनयंत्रांत आमवाताचा रकानाच नसतो, त्यामुळे उत्तर कमी येतं. युरोपातली संधिवाततज्ज्ञांची संघटना, युलार, सांगते की अशा वेळी आमवाताच्या रुग्णाच्या उत्तराला १.५ ने गुणावं. ६ टक्के आले तर ९ धरायचे. ब्रिटनमध्ये २०१७ साली आलेल्या क्यूरिस्क-३ मध्ये आमवात, ल्युपस आणि स्टेरॉइड हे तिन्ही आधीच धरलेले आहेत, तिथे पुन्हा गुणायचं नाही. आमवातात ही मोजणी निदान पाच वर्षांतून एकदा आणि उपचारात मोठा बदल झाल्यावर करावी. माझ्या मते पाच वर्षं फार लांब आहेत. रक्तदाब आणि साखर तरी दर वर्षी बघावी.

कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन लिहून दिलं तर संधिवात आहे म्हणून नाकारू नका. संधिवाताच्या रुग्णांनाही त्याचा इतरांइतकाच उपयोग होतो. स्नायू दुखू लागले तर गोळी परस्पर बंद न करता सीके ही स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी करता येईल का ते विचारा, कारण ते दुखणं आजाराचंही असू शकतं. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर ते आधी सांगा.

टप्पा ४ : आजार आटोक्यात ठेवणं हाच हृदयाचा उपचार

'दुखणं सहन होतंय ना, मग औषध कशाला वाढवायचं' हे वाक्य मी फार ऐकलं आहे. त्यामागची सोशिकता समजते, पण रोहिण्यांना त्या सोशिकतेचा काही उपयोग नाही. दुखणं सोसलं तरी दाह चालूच राहतो. ध्येय आजार पूर्ण शांत करण्याचं असावं, ते जमत नसेल तर निदान किमान पातळीवर आणण्याचं.

आमवातात मेथोट्रेक्झेट हे दाह आटोक्यात ठेवणारं औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयाच्या घटना कमी दिसतात. मात्र संधिवात नसलेल्या हृदयरुग्णांना तेच औषध देऊन पाहिलं तेव्हा फायदा झाला नाही. म्हणून मेथोट्रेक्झेटचा हा लाभ आमवाताच्या रुग्णांपुरताच धरायचा. ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गुठळ्यांपासूनही संरक्षण देतं, म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणत ते सोडू नये.

टोफॅसिटिनिब आणि त्याच्या गटातल्या गोळ्यांबद्दल मात्र एक प्रश्न विचाराच. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा निदान एक धोका असलेल्या आमवाताच्या रुग्णांवरची मोठी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात टोफॅसिटिनिब घेणाऱ्यांपैकी ३.४ टक्क्यांना, तर टीएनएफ-रोधक घेणाऱ्यांपैकी २.५ टक्क्यांना झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. वय जास्त असेल, तंबाखूची सवय असेल किंवा आधी हृदयविकार झाला असेल, तर पर्याय आहे का ते विचारा. चालू गोळी स्वतःहून थांबवू नका.

टप्पा ५ : वेदनाशामक गोळ्यांचा हिशेब

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण घराघरांत सर्वांत जास्त चूक इथेच होते. रोफेकॉक्सिब हे एकेकाळी संधिवातासाठी फार खपणारं औषध २००४ साली हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून मागे घेतलं गेलं. त्यानंतर या गटातल्या, म्हणजे दाह कमी करणाऱ्या वेदनाशामकांच्या (एनएसएआयडी) गटातल्या, इतर औषधांकडेही लक्ष गेलं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये इशारा आणखी कडक केला : ॲस्पिरिन सोडून या गटातल्या औषधांनी झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका पहिल्या काही आठवड्यांतच वाढू शकतो आणि डोस जितका मोठा, काळ जितका लांब, तितका तो जास्त.

डायक्लोफेनॅक हृदयरुग्णांनी आणि पक्षाघात होऊन गेलेल्यांनी घेऊ नये, असं युरोपच्या नियामकाने २०१३ मध्येच सांगितलं. रक्तदाब ताब्यात नसेल तर इटोरिकॉक्सिब नको. हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असाल तर आयब्युप्रोफेन त्याच्या कामात अडथळा आणतं. आणि रक्तदाबाची '-प्रिल' किंवा '-सार्टन' गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक या तिन्ही एकत्र आल्या की मूत्रपिंडावर संकट येऊ शकतं, विशेषतः जुलाब-उलट्या चालू असताना.

मग दुखलं तर करायचं काय? आधी एकाच सांध्याचं दुखणं असेल तर लावायचं जेल बघा, ते रक्तात फार कमी जातं. गोळी लागलीच तर डॉक्टरांशी बोलून सर्वांत कमी डोस, सर्वांत कमी दिवस, आणि किती गोळ्या झाल्या ते कागदावर. पॅरासिटॅमॉल त्या मानाने बरं, पण रोज ४ ग्रॅम सतत घेतलं तर तेही रक्तदाब वाढवतं. आणि रोज गोळी लागत असेल तर मूळ आजाराचा उपचार कमी पडतोय. त्यासाठी पुढच्या तारखेची वाट न बघता संधिवाततज्ज्ञांना गाठा.

टप्पा ६ : स्टेरॉइड

स्टेरॉइड उसळी झपाट्याने शमवतं आणि काही आजारांत जीव वाचवतं. तेच दीर्घकाळ घेतलं तर रक्तदाब, साखर, वजन आणि चरबी चारही वाढतात. म्हणून प्रत्येक भेटीत विचारायचं : 'डोस कमी करता येईल का, आणि कधीपर्यंत?' काही आठवड्यांपेक्षा जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड अपुरं पडून माणूस कोसळू शकतो. डोस पायरीपायरीनेच उतरवायचा.

टप्पा ७ : आजारागणिक वेगळी काळजी

ल्युपस असेल तर रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता वाढवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांच्या तीन तपासण्या एकदा झाल्यात का ते बघा : ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१. तरुण वयात पक्षाघात किंवा वारंवार गर्भपात झाला असेल तर ल्युपस नसतानाही त्या करून घ्याव्यात. एकदा दोष आढळला तर १२ आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करतात. गुठळी झालेल्या आणि तिन्ही तपासण्यांत दोष असलेल्या रुग्णांना रक्त पातळ करणाऱ्या रिव्हरोक्सॅबनसारख्या नव्या गोळ्या पुरेसं संरक्षण देत नाहीत, त्यांना वॉर्फरिन हे जुनं औषधच लागतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही अशा स्त्रियांनी टाळायच्या.

गाउटमध्ये पायाच्या अंगठ्याची उसळी ओसरली म्हणून विषय संपत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात उसळीनंतरच्या सुमारे १२० दिवसांत झटक्याचं आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं. गाउटबरोबर रक्तदाब असेल तर लोसार्टन ही रक्तदाबाची गोळी युरिक ॲसिडही थोडं उतरवतं, उलट लघवी वाढवणाऱ्या गोळ्या ते चढवतात. हे डॉक्टरांशी बोलण्यासारखं आहे. गाउटवरचं कोल्चिसिन घेत असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कुणी दिलं तर थांबून विचारा, ही जोडी विषारी ठरू शकते.

अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये महारोहिणीची झडप गळू शकते आणि हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा येऊ शकतो. चक्कर, शुद्ध हरपणं किंवा नाडी फार मंद लागणं, यावर ईसीजी काढाच.

पन्नाशीनंतर कानशिलावर नव्याने डोकेदुखी सुरू झाली, केस विंचरताना टाळू दुखू लागली, चावताना जबडा भरून येऊ लागला किंवा दृष्टी क्षणभर अंधारली, तर तो जायंट सेल आर्टेरायटिस असू शकतो. त्यात कायमचं अंधत्व आणि पक्षाघात दोन्ही येऊ शकतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

टप्पा ८ : रोजचं जगणं

तंबाखू कोणत्याही रूपात बंद. धूम्रपानाने आमवात होण्याची शक्यता वाढते, औषधांचा परिणाम घटतो आणि रोहिण्याही बिघडतात, म्हणजे तिन्हीकडून नुकसान. चालण्याने किंवा पोहण्याने सांधे झिजत नाहीत, आठवड्याला १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हे ध्येय ठेवा. उसळीच्या दिवशी फक्त सांधे हळुवार फिरवले तरी चालेल. मीठ कमी करा. फ्लूची लस दर वर्षी घ्या, कारण मोठ्या संसर्गानंतरच्या दिवसांत झटक्याचा धोका चढतो. आणि न ठरवता वजन घटत असेल तर खूश होऊ नका. आमवातात दाहाने स्नायू झिजतात आणि बारीक माणसाचंही हृदय सुरक्षित राहत नाही.

टप्पा ९ : धोक्याची वेळ आली तर

आमवात असलेल्यांना हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. खांदा, जबडा, पाठ दुखणं, अचानक दम लागणं, घाम, मळमळ, कधी नव्हे असा थकवा, हे सगळं 'नेहमीचं सांध्याचं दुखणं' म्हणून अंगावर काढलं जातं. एक साधी कसोटी लावा. दुखरा सांधा हलवल्यावर किंवा दाबल्यावर दुखणं वाढतं का? तसं न होता, चालताना वाढून थांबल्यावर कमी होत असेल किंवा घाम आणि दम बरोबर असेल, तर दवाखाना गाठा. शंका असली तरीही गाठा.

पक्षाघातात चेहऱ्याची एक बाजू लोंबते, एक हात वर धरून राहत नाही, बोलणं अडखळतं, तोल जातो किंवा एकाएकी दिसेनासं होतं. लक्षणं दहा मिनिटांत गेली तरी जायचंच. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. घरी ॲस्पिरिन देऊ नका, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर त्याने नुकसान होतं. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता, ती वेळ लिहून घ्या.

आणि तो कागद बरोबर घ्या. रुग्णवाहिकेतल्या माणसाला आधी चार गोष्टी सांगा : शेवटचं ठीक दिसल्याची वेळ, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, स्टेरॉइड चालू आहे का, आणि आमवात मानेच्या मणक्यांत आहे का. चौथी गोष्ट कुणालाच सुचत नाही. पण श्वासनळीत नळी घालायची वेळ आली तर अशी मान मागे वाकवताना मज्जारज्जूला इजा होऊ शकते, म्हणून ती कागदाच्या अगदी वरच्या ओळीत, ठळक अक्षरात लिहून ठेवा.